गुठळ्या राहिल्या तरी चालतील

३ फेब्रुवारी

साडूभाऊंना रंगाऱ्याचा नमस्कार.

फोन सोडून पत्र लिहितोय, याचं नवल वाटेल. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, आणि तुमच्याकडे फोन उचलणारी व्यक्ती दरवेळी माझी बायकोच निघते. "मी बरी आहे, ताईचा पाय सुधारतोय, ठेवते," एवढं बोलून ती ठेवते. तुम्हाला विचारायचं ते राहूनच जातं.

आधी थोरल्या ताईंच्या पायाची चौकशी. प्लास्टर कधी निघणार? घाई नाही. हाड जुळायला वेळ लागतो हे मला कळतं. पण आमच्या धाकटीला तुमच्याकडे येऊन महिना उलटून गेला, आणि मी इथे रिटायर होऊन एकटा बसलोय.

ती निघालीही तडकाफडकी. त्या दिवशी माझ्या कामाचा शेवटचा दिवस होता. एका शाळेचं सभागृह संपवून संध्याकाळी घरी येतो, तर स्वयंपाकघरात वेगळाच प्रकार. बाईसाहेबांनी शेगडीमागची भिंत स्वतः रंगवलेली. हिरवी. माझ्याच उरलेल्या ऑइलपेंटच्या डब्यातून. चाळीस वर्षं रंगाऱ्याशी संसार केला, पण ब्रश उभा मारायचा की आडवा याचा पत्ता नाही. ओघळ आलेले, ब्रशचे केस चिकटलेले, खिडकीच्या वर तर हातच पोचला नव्हता. मला म्हणाली, "कशी झालीय?" मी काही बोललो नाही. बोलून कुणाला दुखवायचा माझा स्वभाव नाही. कपडेसुद्धा न बदलता शिडी लावली. ती थोडा वेळ दारात उभी राहिली, मग खाली शिंपीणबाईंकडे जाऊन बसली. वर येईपर्यंत मी डिस्टेंपरचे दोन हात मारून भिंत पहिल्यासारखी पांढरीशुभ्र केली होती. तिने बघितलं आणि म्हणाली, "ताईचा पाय मोडलाय. मी उद्या जाते." केलेल्या कामाबद्दल एक अक्षर नाही. बहिणीची काळजी असेल, दुसरं काय.

आता मुद्द्याचं. तिची फडताळं मी डब्यांच्या उंचीप्रमाणे नव्याने लावत होतो. त्यात मागच्या बाजूला पॅनकेकच्या तयार पिठाचे तीन खोके निघाले. खोक्यावर चित्र आहे, तीन बोटं जाड पॅनकेकची चळत. सोप्पं दिसतं. मी केले ते पॉलिशपेपरसारखे झाले, रंगानेही आणि खरखरीतपणानेही. तुम्ही वसतिगृहाच्या मेसमध्ये तीनशे पोरांना हेच खायला घालत होतात. तेव्हा युक्ती कळवा. ती परत येईल तेव्हा तिला दाखवायचंय की तिच्यावाचून घर अडलेलं नाही.

तुमचा साडू


९ फेब्रुवारी

रंगारीबुवा,

पत्र मिळालं. थोरलीचा पाय आहे तसा आहे.

पॅनकेकचं पीठ म्हणजे फार काही नाही. त्यात मैदा, साखर, फुगायची पावडर सगळं आधीच घातलेलं असतं. आपण फक्त अंडं आणि दूध घालायचं, कालवायचं, जरा ठेवायचं आणि मंद आचेवर भाजायचं. मेसमधली पोरं ते अर्धवट झोपेत करायची. तुम्हाला जमत नाही याचा अर्थ तुम्ही जरुरीपेक्षा जास्त काहीतरी करताय. नक्की काय करता ते सविस्तर लिहा.

धाकटीला कळलं की तिचे यजमान पॅनकेक करतायत. ती हातातलं काम ठेवून हसली. इथे आल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मग म्हणाली, "ज्या दिवशी त्यांच्या हातून तीन बोटं फुगलेला पॅनकेक होईल, त्या दिवशी मी बॅग भरते. तोवर ताईचा पाय काही बरा होत नाही."

मी निरोप्या. माझ्यावर राग काढू नका.

मेसवाले


१७ फेब्रुवारी

साडूभाऊ,

पायाचा आणि पॅनकेकचा काय संबंध ते मला कळलं नाही. डॉक्टर बदलून बघा. पण ती बोलल्याप्रमाणे वागते हा चाळीस वर्षांचा अनुभव आहे, त्यामुळे मी कामाला लागलोय.

माझी पद्धत लिहितो, म्हणजे तुम्हाला चूक शोधायला सोपं जाईल. माझ्या मते चूक नाहीच. पीठ, अंडं, दूध एकत्र केलं. खोक्यावर छापलंय, "हलक्या हाताने कालवा. गुठळ्या राहिल्या तरी चालतील." ही छापणाऱ्याची चूक दिसते. गुठळ्या राहिल्या तर चालतील असं जगातला कुठलाही माणूस कशाबद्दलही म्हणणार नाही. मी काठीने घोटलं, मग रंग गाळायच्या फडक्यातून (कोरं होतं) दोनदा गाळलं. काठीवरून अशी एकसारखी धार पडायला लागली की बघत राहावं. तव्याच्या कोपऱ्यात नमुन्याचा एक ठिपका टाकून बघितला. मग पहिला हात दिला. वाळल्यावर त्यावर दुसरा हात दिला, जाडी यावी म्हणून. उलथन्याने दाबून पृष्ठभाग सपाट केला.

जाडी नखाएवढी आली. शिंपीणबाईंच्या कुत्र्याला दिला. त्याने तो हुंगला, आणि जिन्यात नेऊन ठेवला. अजून तिथेच आहे.

बाकी घर उत्तम. धाकटीने शिवलेला स्वयंपाकघराचा पडदा एका अंगाला बोटभर खाली लोंबत होता. इतकी वर्षं डोळ्यांत खुपायचा. शिंपीणबाईंकडून उसवून सरळ करून घेतला. त्या म्हणाल्या, "त्यांना विचारलंत का?" मी म्हटलं, वाकड्याला काय विचारायचं. ती आली की खूश होईल.

रंगारी


२४ फेब्रुवारी

रंगारीबुवा,

पडद्याचं कळल्यावर धाकटी भरल्या ताटावरून उठून गेली. यापेक्षा जास्त लिहायची मला परवानगी नाही.

खोका बरोबर आहे. चूक छापणाऱ्याची नाही, तुमची आहे. गुठळी तुमच्या धंद्यात गुन्हा असेल, माझ्या धंद्यात नाही. मिश्रणात राहिलेल्या त्या बारीक गाठी तव्यावर आपल्या आपण विरतात. त्यांना तुमच्या मदतीची गरज नसते. तुम्ही घोटत बसलात की पीठ चिवट होतं आणि फुगायची ताकद काठीवरच संपते. गाळायचं तर नावच काढू नका. चमच्याने चार वळसे द्या, कोरडं पीठ दिसेनासं झालं की चमचा ठेवा आणि स्वयंपाकघरातून बाहेर जा. खरोखर बाहेर जा. तिथे उभे राहिलात तर पुन्हा ढवळाल, मी ओळखतो तुम्हाला.

मग मंद आचेवर एकच डाव ओता. वर बुडबुडे येऊन फुटले की एकदा उलटा. एकदाच. दुसरा हात वगैरे काही नसतं. आणि दाबू नका.

तुमचा तवा पातळ असणार. आमचा जुना जाड तवा पार्सलने पाठवतोय. थोरलीने स्वतः स्टुलावर चढून माळ्यावरून काढला, वर पुसूनही दिला. जपून वापरा.

मेसवाले


४ मार्च

साडूभाऊ,

तवा पोचला. चांगला आहे. कडेला जुनी काजळी होती ती घासून काढली.

एक विचारायचंय. माझा सगळा जन्म शिडीवर गेला. मोडलेल्या पायाने माणूस स्टुलावर चढत नाही, चढलाच तर तवा घेऊन उतरत नाही. ताईंचा पाय बरा झालेला आहे, आणि तो बरेच दिवस बरा असावा. तुम्ही ताकाला जाऊन भांडं लपवताय.

तरीही शब्द म्हणजे शब्द. तेव्हा कळवतो की तीन बोटं झाली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे चार वळसे दिले, पण मिश्रण इतकं ओबडधोबड दिसत होतं की बघवेना, म्हणून आणखी थोडे दिले. फुगेना. मग रंगाचा एक कोरा डबा होता, त्याचा तळ कापून कडं केलं, ते तव्यावर ठेवलं, आत मिश्रण ओतलं आणि वरून खायचा सोडा सढळ हाताने घातला. पॅनकेक कड्याच्या काठापर्यंत उभा राहिला. पट्टीने मोजला, बोटाने मोजला, तीन बोटं भरली. चव साबणासारखी आहे, पण चवीची अट नव्हती. तिला बॅग भरायला सांगा.

आणि ती येत नसेल, तर का येत नाही तेवढं मला सांगा. मी पुष्कळ विचार केला. घोरणं म्हणावं, तर तिला आता त्याशिवाय झोप लागत नाही. हातखर्चाला कधी नाही म्हटलं नाही. तिच्या कामाला नावं ठेवली नाहीत, कुठे काही चुकलं तर मी गुपचूप नीट करून ठेवतो, तिला कळूही देत नाही. याहून जास्त नवरा काय करणार?

रोज सकाळी दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. हे तिला सांगू नका.

रंगारी


१० मार्च

रंगारीबुवा,

डब्यात उभा केलेला पॅनकेक धरत नाही, असा निकाल लागला. अपील नाही.

पायाचं तुम्ही ओळखलंत. प्लास्टर जानेवारीतच निघालं. त्याबद्दल माफी मागतो, पण मला याच घरात दोन बहिणींच्या मध्ये राहायचंय. ती का येत नाही ते मी सांगायचं नाही, अशी मला तंबी आहे. पॅनकेकबद्दल लिहायला बंदी नाही, तेव्हा पॅनकेकबद्दलच लिहितो.

मेसमध्ये तव्यावर नवा माणूस आला की मी एकाच गोष्टीवर नजर ठेवायचो. पॅनकेक उलटला की त्याचा हात शिवशिवतो आणि तो उलथन्याने वरून दाबतो. का दाबलास म्हणून विचारलं, तर म्हणतो, नीट बसावा म्हणून. अरे, तो नीट बसलेलाच होता. त्याला काहीही झालेलं नव्हतं. दाबला की आतली हवा जाते, आणि मग ती कुणाच्या बापाला परत भरता येत नाही. दाबणाऱ्याला वाटतं, आपण काम केलं. खाणाऱ्याच्या ताटात चपटं येतं.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. तुमच्यावर मी अख्खं पान घालवलंय.

मेसवाले

ता. क. कपाचं मी सांगितलं नाही. पण या घरात मी न सांगताही बरंच काही कळतं.


२ एप्रिल

साडूभाऊ,

मधे लिहिलं नाही, कारण तुमच्यावर रागावलो होतो. मी पॅनकेक विचारतो आणि तुम्ही मला पाणउतारा पाठवता, असं वाटलं. राग गेला नाही, पण दुसरंच एक घडलं, ते कुणालातरी सांगायला हवं आणि सांगायला माझ्याजवळ कुणी नाही.

रविवारी शेवटच्या खोक्यातलं उरलेलं पीठ काढलं. अंडं, दूध घातलं, दोन-तीन वळसे दिले असतील-नसतील, तेवढ्यात समोर लक्ष गेलं. शेगडीमागच्या भिंतीला फोड आला होता. सुपारीएवढा. शेजारी दुसरा. मी रंगवलेल्या भिंतीला फोड आलेला मी आयुष्यात बघितलेला नाही. चमचा तसाच टाकला, शिडी आणली आणि फोडाला नख लावलं, तर हातभर पापुद्रा सोलून हातात आला. पांढरा. आणि आत हिरवं.

तेलाच्या रंगावर डिस्टेंपरसारखा पाण्याचा रंग धरत नाही. आधी पॉलिशपेपरने घासून घ्यावं लागतं, आणि खालचा हात पुरता वाळलेला असावा लागतो. हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. त्या संध्याकाळी मी घासलं नाही. का नाही घासलं? घाई होती म्हणून. ती वर यायच्या आत तिची भिंत दिसेनाशी करायची होती मला. नंतर एवढे दिवस तिथेच उभा राहून वाफा काढल्या. सुटणारच होता.

मी सगळा पांढरा काढला. रंग काढायचा पत्रा लावला नाही, हातानेच सोलला, खालचं खरवडायला नको म्हणून. दुसऱ्याचं काम आम्हाला वाचता येतं, साडूभाऊ. ब्रश कुठून कसा गेला त्यावरून माणूस कळतो. तिने खाली डावीकडून सुरुवात केलीय. मध्यापर्यंत हात लांब आणि नेटका आहे, मी मारतो तसा. मग दमलीय, उजवा हात सोडून डावा घेतलाय, तिथून ब्रश आखूड पडतो. वर स्टुलावर चढून, टाचा उंचावून मारलंय. खिडकीच्या चौकटीला रंग लागू नये म्हणून कागदाची पट्टी लावली होती, तिची कडा स्वच्छ आलीय. ते मी तिला कधी शिकवलेलं नाही, बघूनच शिकली असणार. कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा आहे. वाळलंय का ते बघितलं असेल, मी यायच्या आधी.

जन्मभर मी लोकांच्या भिंती रंगवल्या. माझ्यासाठी कुणी भिंत रंगवावी असं माझ्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं. तिने रंगवली आणि विचारलं, कशी झालीय. मी उत्तर दिलं नाही, शिडी लावली. मला फार वाईट वाटतंय. हे तुम्ही तिला सांगितलंत तरी चालेल.

चांगली झालीय, असंही सांगा. ओघळ आहेत. ते असू देत.

खिडकीच्या वर मात्र तिचा हात पोचला नव्हता. तिथे खाली तेलाचा रंग नसल्यामुळे माझा पांढरा घट्ट बसलाय. तेवढी पट्टी पांढरी आणि बाकी भिंत हिरवी, अशी सध्या अवस्था आहे. मी ब्रशला हात लावलेला नाही. पडदा पुन्हा वाकडा करून द्यायला शिंपीणबाई तयार नाहीत, त्यांच्या धंद्यात ते बसत नाही म्हणाल्या.

सोलून होईपर्यंत दुपार टळली. मिश्रण ओट्यावर तसंच पडलं होतं, गुठळ्यांसकट. टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून एक डाव तुमच्या तव्यावर ओतला आणि भिंतीकडे बघत बसलो. बुडबुडे फुटले तेव्हा उलटला. दाबायचं सुचलंच नाही. पॅनकेक तीन बोटं फुगला. कडं नाही, सोडा नाही. मोजला नाही, नुसता दिसत होता. चवीला बरा होता, पण एकट्याला जाईना. अर्धा कुत्र्याला दिला. त्याने उभ्या उभ्या खाल्ला.

हे पैजेसाठी लिहीत नाही. तिला यायचं नसेल तर राहू दे.

रंगारी


८ एप्रिल

अहो,

हे पत्र भाऊजींचं नाही, माझं आहे. लग्नाआधी तुम्हाला एक लिहिलं होतं, त्यानंतर हे दुसरं, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

तुमची सगळी पत्रं मीच मोठ्याने वाचली. भाऊजींना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा त्यांना कधी सापडत नाही. दोन कपांचंही मीच वाचलं. परवाचं वाचताना मधे थांबावं लागलं, पुढचं ताईने वाचून दाखवलं. ती तुमच्यावर अजून चिडलेली आहे. भाऊजी म्हणाले, "कुत्र्याने खाल्ला म्हणजे पुरावा झाला."

ते खोके मी त्या दिवसासाठी आणले होते. रिटायर झाल्यानंतरची पहिली सकाळ, नवी भिंत, गरम नाश्ता, असं माझ्या मनात होतं. तुम्हाला घाईने कुठे जायचं नसलेली आपल्या घरातली ती पहिलीच सकाळ असणार होती.

फडताळातल्या डब्यांचं मी आल्यावर बघते. तोवर आणखी काही नीट करू नका.

खिडकीवरच्या पट्टीला हात लावू नका. तिथवर माझा हात पोचत नव्हता हे खरं. पण शिडी घरातच होती, मला चढता आलं असतं. ती जागा मी मुद्दाम तुमच्यासाठी ठेवली होती. संध्याकाळी तुम्ही आलात की शिडी धरायला सांगणार होते. तुम्ही शिडी आणलीत आणि स्वतःच चढलात.

शनिवारी दुपारी पोचते. पिठाचा एक खोका आणून ठेवा. हिरव्या डब्याचं झाकण घट्ट बसलंय, ते उघडून ठेवा. रंग मी मारणार. शिडी तुम्ही धरायची, आणि वर बघायचं नाही.

धाकटी